आमोस, नऊ अध्याय, इब्रीतून : जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

बायबलच्या जुन्या करारातलं आमोस या संदेष्ट्याचं पुस्तक मूळ इब्री (हिब्रू) भाषेतून वाचून रविवारी मंडळीत शिकवलं. माझ्यासारखंच कोणाला करायचं असेल म्हणून लिहून ठेवतोय. मी सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) गेलेलो नाही. आर्णी तालुक्यात साडेचार एकर वावर आहे, गावात आमची २३ घरांची मंडळी (चर्च) आहे, पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात आणि बाकीच्या रविवारी संदेश (प्रवचन) माझ्याकडे किंवा आणखी एका भावाकडे असतो. इब्री शून्यातून सुरू केलं. काय चुकलं तेच जास्त लिहिलंय कारण वेळ तिथंच गेला.

२ जून, सोमवार

ठरवलं. आमोस घ्यायचा. कारण साधं, मागच्या वर्षी व्हॉट्सॲपवर संदेष्ट्यांचा एक चार्ट आला होता, कुठलं वचन कोणत्या बातमीत पूर्ण झालं त्याचा, मी तो तसाच्या तसा मंडळीसमोर मांडला आणि नंतर एका कॉलेजच्या पोराने विचारलं की दादा हे वचन तर त्या शहराबद्दल आहे, तुम्ही आजच्या देशाबद्दल कसं म्हणता. मला उत्तर देता आलं नाही. ते मनात राहिलं.

आमोसमध्ये १४६ वचनं. रोज दोन धरली तर ७३ दिवस. तो स्वतः शेतातला माणूस, म्हणून मला जमेल असं वाटलं.

खर्च: २०० पानी वही दोन, १४० रुपये. लाल-निळा पेन २० रुपये. इब्री मजकूर आणि शब्दकोश मोबाईलवर फुकट मिळाले.

३ ते १४ जून

अक्षरं २२. नावं आपल्याला आधीच माहीत असतात पण लक्षात येत नाही, मराठी बायबलमध्ये स्तोत्र ११९ उघडा, आठ आठ ओव्यांवर आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ असं लिहिलेलं आहे, तीच ही अक्षरं. पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. मजकूर उजवीकडून डावीकडे.

मराठी माणसाला एक फायदा आहे. सादे हे अक्षर "त्स" असं म्हणायचं असतं, बरेच जण "स" म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे तो उच्चार घरचाच आहे. चहातला च म्हणा, चंद्रातला नाही. मला हे आठव्या दिवशी कळलं, त्याआधी सगळीकडे "स" लिहून बसलो होतो.

मोठी चूक: दालेथ आणि रेश. दोन्ही दिसायला जवळपास एक, दालेथचा कोपरा टोकदार आणि रेशचा गोल, बस एवढाच फरक. मोबाईलच्या लहान अक्षरात तो दिसतच नाही. मी ५२ शब्दांची यादी केली आणि त्यात १७ शब्दांत हे दोन उलटे लिहिले, मग शब्दकोशात शब्द सापडेनात, मला वाटलं शब्दकोशच अपुरा आहे. चार दिवस गेले. उपाय काय तर अक्षरं मोठी करून छापून घेणे.

तिथे पुन्हा अडकलो. तालुक्याला डीटीपीच्या दुकानात मजकूर पाठवला, त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडला तर अर्धी अक्षरं चौकटी झाल्या आणि उरलेला मजकूर डावीकडून उजवीकडे उलटा. दुकानदाराला काय माहीत ते उलटं आहे, त्याने ३८ पानं छापून दिली. ११४ रुपये गेले. दुसऱ्यांदा मोबाईलवरच पीडीएफ करून नेलं तेव्हा बरोबर आलं. मजकूर पाठवू नका, पीडीएफच न्या, आणि आधी एकच पान काढून बघा.

१५ जून ते २ जुलै

पेरणी. काहीच झालं नाही. डवरणीला बैलांमागे चालताना अक्षरं म्हणत होतो एवढंच.

६ जुलै, रविवार. पहिला संदेश, १:१ (अध्याय १, वचन १)

फसला. पूर्णपणे.

२५ मिनिटं मी फळ्यावर इब्री अक्षरं काढली. आमोस "नोकेद" (मेंढ्या पाळणारा) होता, हा शब्द समजावला. शब्दकोशात मला त्याच धातूजवळ "ठिपकेदार" असा शब्द दिसला होता, त्यावरून मी सांगितलं की आमोसच्या मेंढ्या ठिपकेदार होत्या, याकोबाच्या होत्या तशा, आणि त्यावर सगळा संदेश उभा केला की देव डागाळलेल्यांना निवडतो. ऐकायला फार छान. वर असंही म्हणालो की आमोस अतिशय गरीब मेंढपाळ होता.

उपासना झाल्यावर दारात आमच्या आजी थांबल्या (वय ८० च्या वर, मंडळीतल्या सगळ्यात जुन्या) आणि म्हणाल्या, "बापा, अक्षरं लय चांगले काढले तुनं, पन आमोस काय म्हन्ते थे तं सांगतलंच नाई."

त्या रात्री वहीत नियम लिहिला: एका संदेशात एकच इब्री शब्द. फळा बंद.

९ जुलै, यवतमाळ

एक निवृत्त पाळकसाहेब यवतमाळला राहतात. १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती, मग पुण्याला गेली, साहेब त्या यवतमाळच्या दिवसातले विद्यार्थी. इब्री त्यांनी तेव्हा शिकलेलं, डोळ्याला आता कमी दिसतं पण पाठ आहे.

ठिपकेदार मेंढ्या ऐकून ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या गावात पंचनामा होतो ना? त्यात पाच नावं मोजता का?" नाही म्हटलं. "मग शब्द कुठून आला आणि शब्द आज काय सांगतो, या दोन गोष्टी वेगळ्या. शब्द कुठं कुठं वापरला ते बघा."

बघितलं. नोकेद हा शब्द आणखी एका ठिकाणी आहे, २ राजे ३:४ मध्ये, आणि तिथे तो मवाबाच्या राजाला वापरलाय, जो लाखभर कोकरं कर म्हणून द्यायचा. म्हणजे आमोस गरीबच होता असं या शब्दावरून म्हणता येत नाही, मोठ्या कळपाचा मालकही असू शकतो. माझा गरीब आमोस तिथेच संपला. मला वाईट वाटलं कारण तो मला आवडायचा. पण मग एक नवीन गोष्ट उभी राहिली, की ज्याचं पोट भरलेलं आहे असा माणूस जर दुसऱ्याच्या मापातल्या खोटाबद्दल ओरडतो तर ते जास्त जड आहे.

साहेबांनी पंडिता रमाबाईंची आठवण काढली. त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ ला त्या वारल्या आणि १९२४ ला ते छापून झालं. "त्यांच्याकडे मोबाईल नव्हता," एवढंच म्हणाले.

एसटी जाऊन-येऊन, चहा, १७० रुपये. संपूर्ण कामातला सगळ्यात कामी आलेला खर्च हाच.

२० जुलै, रविवार. अध्याय १ आणि २

हा जमला. फळ्याऐवजी जमिनीवर चुन्याने नकाशा काढला, मधे इस्राएल, आणि पोरांना उभं केलं: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. प्रत्येकाची पाळी आली की "तीन अपराधांमुळे, नव्हे चारांमुळे" सगळ्यांनी म्हणायचं. लोक रंगात आले, दुसऱ्याचे अपराध ऐकायला बरं वाटतं. सातवा यहूदा, सख्खा भाऊ, तिथे आवाज थोडा कमी झाला. आठवा मधला. तिथे कोणीच म्हणालं नाही.

इस्राएलचा पहिला अपराध: नीतिमानाला रुप्यासाठी विकलं, गरिबाला एका जोड्यासाठी. यहूदी लोक सभास्थानात योसेफाच्या विक्रीचा भाग वाचतात त्या शब्बाथाला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) आमोस २:६ पासूनचा हा भाग जोडून वाचतात हे मला या अभ्यासातच कळलं. २० रुप्यांना विकलेला भाऊ आणि रुप्यासाठी विकलेला नीतिमान. मी आजवर योसेफ आणि येशूचे ३० रुपये असं जोडत आलो होतो, मधला हा दुवा माझ्याकडे नव्हताच. हे पुस्तक ज्यांच्या घरातलं आहे ते कसं वाचतात ते विचारायला हवं होतं, आणि त्यांच्यातले बेने इस्राएल तर आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे.

३ ऑगस्ट, रविवार. ३:१२

सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ दोन पाय किंवा कानाचा तुकडा सोडवतो. पूर्वी मी यावर आशेचा संदेश दिलेला, थोडंसं उरलं तरी देव वाचवतो म्हणून. तयारी करताना निर्गम २२:१३ समोर आलं: दुसऱ्याचं जनावर सांभाळायला घेतलं आणि जंगली जनावरानं फाडलं तर फाडलेलं पुरावा म्हणून आणून दाखवायचं, मग भरून द्यावं लागत नाही.

आमच्या पाहुण्यांचं गाव टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला आहे. तिथे वाघाने गोऱ्हा नेला तर पहिलं काम हेच, उरलेलं हलवू नका, वनविभागाचा माणूस येऊन पंचनामा करेपर्यंत राखत बसा. कान आणि पाय हे वाचल्याचं चिन्ह नाही, मेल्याचा पुरावा आहे. मंडळीत हे एका मिनिटात कळलं, एकही इब्री शब्द लागला नाही. मी आधीचा संदेश चुकला होता असं उभं राहून सांगितलं.

१७ ऑगस्ट, रविवार. अध्याय ४

ही नोंद लिहायला तीन दिवस लागले.

४:६ ते ११ मध्ये एकच ओळ पाच वेळा येते, "तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत". भूक दिली, पाऊस रोखला, एका वावरावर पडला आणि दुसऱ्यावर नाही, पीक करपलं, पिवळं पडलं, टोळ आले. पिवळं पडण्याचा शब्द "येराकोन", आणि आमच्याकडे सोयाबीनवर येलो मोझॅक पसरलेला, मला वाटलं यापेक्षा जवळचं काय सापडणार. मी पाच वेळा ती ओळ म्हटली, दर वेळी आवाज चढवत. बोंडअळीचं नाव घेतलं. पावसाचं घेतलं.

मागून तिसऱ्या रांगेत एक मावशी बसतात. त्यांच्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी नापिकीत आणि कर्जात जीव दिला. त्या उठून गेल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त पदर तोंडाला लावून खाली बघत राहिल्या आणि प्रार्थना संपायच्या आत निघून गेल्या.

मी घरी आलो आणि बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलं की त्यांचा नवरा देवाने मारला."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण त्यांनी तेच ऐकलं, आणि तसं ऐकायला मी जागा ठेवली होती.

१८ ते २३ ऑगस्ट

अध्याय पुन्हा पहिल्यापासून काढला. काय सोडलं होतं ते सापडलं. ४:१ मध्ये तो कोणाशी बोलतोय ते मी वाचलंच नाही, किंवा वाचून पुढे गेलो. शोमरोनाच्या (इस्राएलच्या राजधानीच्या) डोंगरावरच्या त्या बायका, ज्या गरिबांवर जुलूम करतात आणि नवऱ्याला म्हणतात आण, पिऊ. ४:४ मध्ये बेथेलला वाजतगाजत अर्पणं नेणारे. ती पाच वेळची ओळ त्यांना आहे. मी ती उचलून अशा बाईच्या पुढ्यात ठेवली जिच्यावर जुलूम झालेला आहे. म्हणजे व्हॉट्सॲपच्या चार्टने जे केलं होतं तेच मी केलं, एकाला लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या दारात टाकली.

मग पुढे वाचत गेलो कारण पुढच्या रविवारी काहीतरी सांगावं लागणार होतं. ७:१ मध्ये आमोसला टोळ दिसतात, खरेखुरे पीक खाणारे टोळ. आणि हा कडक माणूस तेव्हा काय म्हणतो? प्रभू, क्षमा कर. याकोब (म्हणजे इस्राएल लोक) कसा टिकेल, "की काटोन हू", कारण तो लहान आहे. पुढे आग दिसते, पुन्हा तेच, तो लहान आहे. दोन्ही वेळा देव थांबतो.

काटोन. लहान. पीक बुडताना संदेष्टा शेतकऱ्याला दोष देत नाही, देवाच्या आडवा येऊन उभा राहतो.

२० तारखेला मावशीकडे गेलो, बायकोला सोबत घेऊन. मी चुकलो म्हटलं. ७:२ वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "थे लहान वालं पुन्हा वाच." दोनदा वाचलं. चहा झाला, तुरीच्या फवारणीच्या गोष्टी झाल्या. दुसरं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

क्रम मोडला. अध्याय ५ च्या ऐवजी ७:१ ते ६ घेतलं. मागच्या रविवारी मी अध्याय ४ चुकीच्या माणसांना वाचून दाखवला असं सुरुवातीलाच सांगितलं. संदेश ११ मिनिटांचा झाला आणि बाकी वेळ प्रार्थनेला दिला, ज्यांच्या घरी पीक गेलं त्यांची नावं घेऊन. मावशी आल्या होत्या.

दुसऱ्या कोणी आमोस घेतला आणि मंडळी शेतकऱ्यांची असेल तर माझं ऐका, अध्याय ४ च्या आधी ७:१ ते ६ शिकवा. क्रम मोडला तरी चालेल.

३१ ऑगस्ट, रविवार. ५:२४

न्याय पाण्यासारखा वाहो, आणि नीतिमत्त्व "नाहाल एतान" सारखं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात हेच वचन घेतलं होतं, म्हणून अनेकांना ते मोठ्या लोंढ्यासारखं आठवतं. मीही पुराचंच चित्र तयार केलं होतं.

शनिवारी रात्री आमच्या नाल्याला पूर आला. पलीकडची नऊ घरं उपासनेला येऊ शकली नाहीत, एकाची मोटर वाहून गेली, धुऱ्यावरची माती गेली. सकाळी कागद हातात घेऊन बसलो, हे चित्र देऊन काय सांगणार मी.

नाहाल म्हणजे नालाच. त्या देशातले बरेच नालेही पावसापुरतेच वाहतात, बाकी वेळ दगडगोटे. एतान म्हणजे न आटणारा. जोर किती याचं मोजमाप नाही ते, मे महिन्यात पाणी आहे का याचं आहे. आमचा नाला ऑगस्टमध्ये माणूस वाहून नेईल आणि होळीनंतर त्यात गुरांना प्यायला घोटभर नसतं. ५:२१ ते २३ मध्ये देव म्हणतो तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा. म्हणजे नाताळाच्या आठवड्यात पूर आणि उरलेल्या वर्षात वाळू, असं माझं वाचन आहे. पुढच्या रविवारी पलीकडच्या नऊ घरांसाठी पुन्हा दिला, आणि तबला-पेटीवाल्या पोरांना आधी सांगून ठेवलं की हे गाण्याच्या विरोधात नाही, नाहीतर त्यांनी पेटी बंदच केली असती.

सप्टेंबर

फवारणी, मग मला टायफॉइड. १६ दिवस वहीला हात नाही. अध्याय ६ वरवरच झाला, त्यातल्या हस्तिदंती पलंगांबद्दल एवढंच सांगितलं की शोमरोनात १९३० च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरोखर निघाले.

२८ सप्टेंबर, रविवार. ७:१४

"लो नावी आनोखी वेलो वेन नावी आनोखी." बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणतो जा, तुझ्या देशात भाकर खा आणि तिथेच भविष्य सांग, त्यावर हे उत्तर. इब्रीत इथे क्रियापदच नाही. त्यामुळे "मी नव्हतो" की "मी नाही" यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. पण आपल्या बोलीत ते तसंच बसतं, क्रियापद लागतच नाही: "ना मी संदेष्टा, ना संदेष्ट्याचा पोरगा, मी गुरं राखणारा." हे वऱ्हाडीत म्हटलं की मंडळीतले सगळे हसून मान हलवतात कारण असं बोलणारे आमच्याकडे प्रत्येक पारावर आहेत.

इथे जुनी चूक दुरुस्त केली. "संदेष्ट्याचा पोरगा" म्हणजे बाप संदेष्टा होता की नाही हा मुद्दा नाही. संदेष्ट्यांचे पुत्र म्हणून एक जमातच होती, २ राजे २ मध्ये एलीयाच्या वेळी दिसतात. तो सांगतोय की मी त्या धंद्यातला नाही, माझी भाकर यावर नाही. अमस्याने भाकरीचंच नाव काढलं होतं.

आणि उंबर. तो उंबराच्या फळांचं काम करायचा. "बोलेस" हा शब्द अख्ख्या जुन्या करारात इथे एकदाच आलाय. ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं, जक्कय चढला तेही हेच. फळ पिकावं म्हणून त्याला चीर द्यायचे. गंमत म्हणजे आमोसचं गाव तकोवा उंचावर आहे, बेथलेहेमच्या दक्षिणेला, आणि ही झाडं खालच्या उबदार भागातली, म्हणजे त्याला त्या कामासाठी खाली उतरावं लागत असणार. आमच्याकडून लोक संत्रा तोडायला वरुडकडे जातात तसं काहीसं.

५ ऑक्टोबर, रविवार

७:७ चा ओळंबा. गवंडीकाम करणाऱ्या भावाने ओळंबा आणला, चर्चच्या भिंतीला लावून दाखवला, भिंत दीड इंच बाहेर निघाली. इब्री शब्द "अनाख" याच दोन वचनांत येतो आणि अक्कादी या जुन्या भाषेतला तसाच शब्द कथिलासाठी आहे, म्हणून ओळंबा हाच अर्थ पक्का नाही, तेही सांगितलं. कोणाला काही अडचण वाटली नाही. भिंतीचं मात्र बोलणं अजून चालू आहे.

१३ ते २५ ऑक्टोबर. अध्याय ८

८:१-२ सोपं गेलं. टोपलीभर उन्हाळी फळं, "कायित्स", आणि शेवट आला, "केत्स". दोन्हीत सादे, चहाचा च. कान असला की पुरे.

८:५ ला अडकलो. व्यापारी म्हणतात शब्बाथ कधी संपतो, धान्य कधी उघडतो, एफा लहान करू आणि शेकेल मोठा करू. एफा म्हणजे आपल्या पायलीसारखं धान्य मोजायचं माप, साधारण २२ लिटरचं. शेकेल वजन, साधारण ११ ग्रॅम. तेव्हा नाणी नव्हती, गिऱ्हाईक चांदी तोलून द्यायचा. म्हणजे धान्य देताना माप लहान आणि चांदी घेताना वजन जड, दोन्हीकडून खायचं.

"लहान करणे" साठी शब्द आहे "लेहाक्तीन". काटोनमधलाच. याकोब लहान आहे म्हणून आमोस रडला, आणि हे त्या लहानाचं माप आणखी लहान करतायत. ठिपकेदार मेंढ्यांची चूक आठवली म्हणून साहेबांना फोन केला, मी पुन्हा तेच करतोय का विचारलं. ते म्हणाले, नाही, एकाच पुस्तकात, एका अध्यायाच्या अंतरावर, तोच शब्द, हे दिसतं तसं आहे, सांगा.

सांगू शकलो नाही. कारण २०२३-२४ चा हंगाम मी कापूस घेणाऱ्या एका खाजगी खरेदीदाराच्या काट्यावर वजन लिहायला होतो, गावातच, खेडा खरेदीला. बोऱ्यामागे एक किलो कट्टी (वजनातली कपात) धरायची, ओलावा असो नसो. तो म्हणायचा आणि मी लिहायचो. वही माझ्याकडेच आहे. १८ तारखेला ती काढली आणि आमोसच्या वहीशेजारी ठेवली. आमच्या मंडळीतल्या तीन घरांचे ६४ बोरे. ६४ किलो. त्यातले २२ मावशीच्या घरचे, तिचा नवरा गेला ते हेच वर्ष.

भाव क्विंटलला ७००० च्या आसपास होता. ४४८० रुपये.

२६ ऑक्टोबर, रविवार

संदेश दिला नाही. दुसऱ्या भावाने स्तोत्र घेतलं. एक रविवार गेला.

२७ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर

तिन्ही घरांना सांगितलं, दोन ठिकाणी वही घेऊन गेलो. एकाने पैसे घेतले आणि बोलला नाही. दुसरे पुण्याला मुलाकडे आहेत, त्यांना फोनवर सांगितलं, त्यांनी मंडळीत टाका म्हटलं. मावशीच्या पोराने वही हातात घेतली, बापाच्या नावासमोरचे आकडे बोटाने एकेक खाली उतरवत वाचले, आणि म्हणाला, "बाबा म्हनत होते काटा कमी दाखवते, आम्हीच म्हनलो तुमचा वहीम हाय." १५४० रुपये मी खाटेवर ठेवले. त्याने घेतले की नाही मी बघितलं नाही, निघालो.

२ नोव्हेंबर, रविवार. ८:४ ते ७

दिला. वहीसकट. ८:७ मध्ये देव शपथ घेतो की मी त्यांची कामं कधीच विसरणार नाही, तिथे थांबलो. इब्री शब्द एकच, काटोन. ठिपकेदार मेंढ्यांच्या दिवशी डुलक्या घेणारे लोक जागे होते. नंतर तीन जणांनी ठरवलं की यंदा घरी तोलून, पावती लिहूनच कापूस न्यायचा. २० किलोची प्रमाणित वजनं भाड्याने आणली, दिवसाचे १०० रुपये.

५ ते १४ नोव्हेंबर. ९:११-१२

दहा दिवस गेले. पुस्तक घेताना हे वचनही मनात होतं, दाविदाचा पडलेला मंडप मी उभारीन, कारण प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये याकोब (हा यरुशलेमच्या मंडळीतला, वरचा नाही) हेच वाचून म्हणतो की परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, आत घ्या. आपण मंडळीत बसलो आहोत ते या निर्णयामुळे.

पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आमोसमध्ये "अदोमाचे उरलेले त्यांच्या ताब्यात यावे", कृत्यांमध्ये "उरलेल्या माणसांनी प्रभूला शोधावं". मी आधी छपाईची चूक समजलो. याकोबाचं वचन सेप्टुआजिंट म्हणजे जुन्या ग्रीक भाषांतराप्रमाणे दिलेलं आहे. स्वरचिन्हं नसलेल्या इब्रीत अदोम आणि आदाम (माणूस) यात वाव या एका अक्षराचा फरक, आणि "ताब्यात घेतील" व "शोधतील" यात योद आणि दालेथचा. पुन्हा दालेथ.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावाने सांगितलं, "वचनात फरक हाय असं पुलपिटवरून सांगू नको, लोकाइचा विश्वास हालते." मी दोन रात्री विचार केला. लपवलं आणि उद्या त्याच कॉलेजच्या पोराने दोन्ही पानं उघडून दाखवली तर? आणि इब्रीतलं पुढचं वाक्य बघा, "ज्यांना माझं नाव दिलं आहे ती सर्व राष्ट्रं". ते दोन्हीकडे आहे. शत्रू अदोमही त्यात, सगळी राष्ट्रंही त्यात. राष्ट्रं आत येतात हे इब्रीतही उभं राहतं. भावाला हे दाखवलं. पटलं नाही त्यांना पूर्ण, पण सांग म्हणाले.

१६ नोव्हेंबर, रविवार. शेवटचा संदेश

मंडप म्हटलं की मला लग्नाचा मांडव दिसायचा. शब्द "सुक्का" आहे. यशया १:८ मध्ये द्राक्षमळ्यातल्या राखणीच्या खोपडीला हाच शब्द. दाविदाचं घराणं, राजवाडा असं काही म्हणत नाही तो, वावरातली खोपडी म्हणतो, तीही पडलेली, भगदाडं पडलेली. आमच्या वावरातली ऑगस्टच्या पावसात बसली ती अजून तशीच आहे, कुडाच्या काड्या आणि वर फाटकी ताडपत्री. देव म्हणतो ती मी उभी करीन. गोठ्यात जन्मलेला दाविदाचा पुत्र तिथून फार दूर नाही. एवढंच बोललो, १४ मिनिटं. आजी दारात थांबल्या नाहीत, बाहेर मावशीशी बोलत बसल्या होत्या.

२४ नोव्हेंबर

शेजारच्या गावातल्या दोन पोरांनी वही मागितली, होशेय घ्यायचाय म्हणाले. शब्दांच्या यादीची ३१ पानं झेरॉक्स करून दिली, ६२ रुपये त्यांनीच दिले. ज्यांच्याकडे पहिली झेरॉक्स गेली असेल त्यांनी पान ४, ५ आणि ९ वर दालेथ आणि रेश तपासून घ्या, १७ ठिकाणी उलटे आहेत, मी लाल पेनाने केलं होतं पण झेरॉक्समध्ये लाल दिसत नाही.